आतून रिकामी नळी बनवायला अकरा महिने

पहिल्यांदा ड्रॉइंग हातात आलं तेव्हा सोपंच वाटलं होतं. दीड मीटरची स्टेनलेस स्टीलची नळी, दोन्ही टोकांना फ्लँज (बोल्टने जोडायच्या जाड कडा), मध्ये दोन पोर्ट (बाजूला निघालेली तोंडं), आणि आत एक छोटा ब्रॅकेट ज्यावर पुढे कुणीतरी डिटेक्टर बसवणार. आमच्या कंपनीत व्हॅक्यूम चेंबर वर्षानुवर्षं बनतात, कोटिंगवाल्यांसाठी, भट्टीवाल्यांसाठी, त्यामुळे दोन महिन्यांत पहिला पीस जाईल असं मीच मीटिंगमध्ये सांगितलं. तो पीस पास व्हायला अकरा महिने लागले. त्या अकरा महिन्यांत काय काय झालं ते लिहून ठेवायचंय, कारण बातमीत "भारताने पार्ट पुरवले" एवढी एक ओळ येते आणि त्या ओळीत किती लोकांचे किती दिवस गेलेत ते बाहेर कुणाला कळत नाही.

काम होतं फेअरसाठी. जर्मनीत डार्मश्टाटजवळ, विक्सहाउझनला, जीएसआय नावाची जड आयनांवर, म्हणजे इलेक्ट्रॉन काढलेल्या जड अणूंवर, संशोधन करणारी जुनी संस्था आहे, १९६९ पासूनची. आवर्त सारणीतला डार्मश्टाटियम तिथलाच, हॅसियम, मेटनेरियमसुद्धा. तिच्या शेजारीच अँटिप्रोटॉन (प्रोटॉनचा उलट चार्जचा जुळा) आणि आयन संशोधनासाठी फेअर हे नवीन मोठं केंद्र उभं राहतंय. ४ ऑक्टोबर २०१० ला फेअर कंपनी रीतसर स्थापन झाली तेव्हापासून भारत त्यात भागीदार आहे, कोलकात्याची बोस इन्स्टिट्यूट आपल्याकडून सगळं बघते, आणि भागीदारीचा मोठा हिस्सा पैशांऐवजी वस्तूंच्या रूपात जातो, म्हणजे पॉवर कन्व्हर्टर, व्हॅक्यूम चेंबर असं सगळं इथे बनवून तिकडे पाठवायचं. आम्ही त्या साखळीतली अगदी लहान कडी. मी तिथे व्हॅक्यूम क्वालिटी बघते.

तर ड्रॉइंग दोन पानांचं आणि स्पेसिफिकेशन सत्तर पानांचं. रात्री घरी बसून वाचायला घेतलं आणि मधेच थांबले, कारण नुसत्या अटी वाचून डोक्यात शिरेना की एवढं कडक का. मग आधी मशीन समजून घेतलं, आणि मला वाटतं तोच सगळ्यात चांगला निर्णय होता, नाहीतर पुढचे महिने मी नुसती चेकलिस्ट भरत बसले असते.

फेअरचा मुख्य अ‍ॅक्सिलरेटर, म्हणजे आयनांना वेग देणारं यंत्र, ती सिस-१०० नावाची रिंग, परिघ साधारण ११०० मीटर. आत्ताची सिस-१८ रिंग २१६ मीटरची, ती आयनांना आधी थोडा वेग देऊन मोठ्या रिंगमध्ये ढकलणार. यात युरेनियमसुद्धा फिरवायचंय. युरेनियमच्या अणूला ९२ इलेक्ट्रॉन, त्यातले फक्त २८ काढायचे आणि तसाच तो फिरवायचा. जास्त का नाही काढायचे? जास्त काढले तर तो चुंबकाने वळवायला सोपा, वेग द्यायलाही सोपा, पण हे सगळे पॉझिटिव्ह, एकमेकांना ढकलतात, आणि हे ढकलणं चार्जच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतं, म्हणजे एका पल्समध्ये, एका झोतात, मावतात कमी. त्यात इलेक्ट्रॉन काढायचे तर बीम, म्हणजे आयनांचा झोत, पातळ फॉइलमधून न्यावा लागतो आणि तिथेही बरेच आयन वाया जातात. फेअरला एका पल्समध्ये पन्नास हजार कोटी आयन हवेत. म्हणून २८ प्लस.

पण मग उरलेल्या ६४ इलेक्ट्रॉनपैकी बाहेरचे काही अगदी सैल बसलेले असतात. नळीत हवेचा एखादा रेणू भटकत असेल आणि आयन त्याला आपटला की अजून एक इलेक्ट्रॉन गेला, २८ चा २९ झाला. २९ वाला त्याच चुंबकात जरा जास्त वळतो, रस्ता सोडतो आणि भिंतीवर जाऊन आदळतो, आणि ज्या भिंतीवर आदळतो तिथे चिकटून बसलेला गॅस हजारोंच्या संख्येने सुटतो. म्हणजे दाब वाढला, म्हणजे अजून आयन आपटणार, अजून भिंतीवर जाणार, अजून गॅस, आणि बघता बघता बीम संपला. सिस-१८ मध्ये आयनांची संख्या वाढवायला गेल्यावर हे प्रत्यक्ष दिसलेलं आहे, मग तिथे चेंबरच्या आतल्या भिंतींना गॅस शोषणारं कोटिंग केलं आणि ठरावीक जागी आयन पकडणारे अडसर बसवले. सिस-१०० ची तर रचनाच अशी केलीय की २९ झालेले जवळजवळ सगळे आयन एका ठरलेल्या जागी जाऊन पडावेत, आणि तिथे सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा ठोकळा असतो, ज्यातून गॅस कमी सुटतो. तो ठोकळा मुद्दाम बाजूच्या भिंतीइतका थंड ठेवत नाहीत म्हणजे त्याच्यावर गॅस गोठून साचत नाही, आणि सुटलेला गॅस बाजूची थंडगार भिंत धरून ठेवते. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही आली, इतकं आवडलं.

हवं असलेलं व्हॅक्यूम दहाचा उणे बारावा घात मिलीबार या घरातलं. खोलीच्या तापमानाला हिशोब केला तर एका घन सेंटिमीटरमध्ये साधारण २४ हजार रेणू उरतात, आणि आपण बसलोय त्या हवेत तेवढ्याच जागेत अडीच गुणिले दहाचा एकोणिसावा घात असतात. २४ हजारही जास्तच वाटतील, पण आयन सेकंदाला अडीच लाखांच्या वर फेऱ्या मारतो, म्हणजे त्याला आपटायला संधी भरपूर.

हे कळल्यावर सत्तर पानं वेगळीच दिसायला लागली. प्रत्येक अट एकाच गोष्टीसाठी होती, आत काही उरता कामा नये.

मटेरियलपासून सुरुवात. ३१६ एलएन ग्रेडचं स्टील, त्याची चुंबकीय पारगम्यता (चुंबकाला ते किती दाद देतं ते; अजिबात नाही म्हणजे एक) एकच्या इतकी जवळ हवी की वेल्डिंगनंतरही मीटर लावून तपासायची, कारण वेल्ड थंड होताना त्यात फेराइट तयार होतो आणि तेवढा भाग थोडासा चुंबकीय होतो, बीमच्या शेजारी तसलं काही चालत नाही. फ्लँज बारमधून कापलेले नाही चालणार, फोर्ज केलेलेच पाहिजेत, कारण बारमध्ये अशुद्धीच्या बारीक रेषा लांबीच्या दिशेने ओढल्या जातात आणि त्या रेषेतून हेलियम आरपार येऊ शकतो. आत पितळ नको, झिंक किंवा कॅडमियम प्लेटिंगचे नट-बोल्ट नको, कारण गरम केलं की झिंक चक्क उडून जातं आणि सगळ्या भिंतीवर बसतं. मार्कर पेन नाही, सल्फरचं कटिंग ऑइल नाही.

मग वेल्डिंग. आमच्याकडे एक वेल्डर काका आहेत, टिग वेल्डिंगवर त्यांच्यासारखा हात मी दुसरा पाहिला नाही, रुपयाच्या नाण्यांच्या चळतीसारखा एकसारखा पडलेला वेल्ड. स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं की सलग वेल्ड फक्त आतून, व्हॅक्यूमच्या बाजूने, आणि बाहेरून मजबुतीसाठी लागला तर तुकड्या-तुकड्याने, मध्ये गॅप सोडून. काकांना ते अजिबात पटलं नाही.

"मॅडम, बाहेरून अर्धवट सोडलेलं वेल्ड माझ्या हातून जायचं नाही. बघणारा काय म्हणेल?"

मी कागदावर काढून दाखवलं. आतून सलग, बाहेरूनही सलग, तर दोन वेल्डच्या मध्ये हवा कोंडली. उद्या आतल्या वेल्डला केसाएवढी फट पडली तर ती कोंडलेली हवा हळूहळू आत येत राहणार, आणि आपण बाहेरून हेलियम मारून कितीही शोधलं तरी सापडणार नाही कारण बाहेरचा वेल्ड चांगला आहे. काकांनी कागद बराच वेळ बघितला, मग म्हणाले, "म्हणजे चांगलं काम करूनच वाट लागते की." दुसऱ्या दिवसापासून गॅप मोजून, पट्टी लावून, प्रत्येक तुकडा सारख्या लांबीचा. वेल्ड करताना आतून आर्गॉन गॅस सोडायचा तो पण ते स्वतः घड्याळ लावून द्यायला लागले.

व्हॅक्यूम फायरिंगला आमचे जवळपास दोन महिने गेले. स्टील बनतानाच त्यात हायड्रोजन विरघळलेला असतो, आणि बाकी सगळा गॅस काढला तरी हा धातूच्या पोटातून वर्षानुवर्षं झिरपत राहतो, म्हणून चेंबर व्हॅक्यूम भट्टीत ९५० डिग्रीला दोन तास ठेवायचा, मग झिरपणं शंभरेक पटीने कमी होतं. आम्ही पहिल्यांदा अख्खा वेल्ड केलेला चेंबर भट्टीत पाठवला आणि तो परत आला तेव्हा नळीची गोलाई बिघडलेली, दोन फ्लँज एकमेकांना समांतर राहिले नव्हते. वेल्डिंगमध्ये दबून राहिलेले ताण तापल्यावर मोकळे झाले, दुसरं काही नाही. तो पीस स्क्रॅप. मग क्रम बदलला, नळी आणि फ्लँज आधी सुटे फायर करायचे, मग शेवटचं मशिनिंग, मग धुणं, मग वेल्डिंग. हे पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं याची मला खरंच हळहळ वाटते, कारण त्या पीसवर काकांचे नऊ दिवस गेले होते.

आता खरी गोष्ट. दुसरा पीस तयार झाला, अल्ट्रासॉनिकमध्ये धुतला, डीएम, म्हणजे क्षार काढलेल्या, पाण्याने खळखळून काढला, हातमोजे घालून जोडला, तांब्याच्या नवीन गॅस्केट लावून बोल्ट आळीपाळीने टॉर्क केले. हेलियम लीक टेस्ट, म्हणजे बाहेरून हेलियम मारायचा आणि तो आत पोचतो का ते डिटेक्टरवर बघायचं, पास. हीटिंग टेप गुंडाळून, वरून अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून बेकआउट सुरू केला, म्हणजे भिंतीला चिकटलेला गॅस निघून जावा म्हणून पंप चालू ठेवून तापवणं, २५० डिग्रीपर्यंत तासाला तीस डिग्रीच्या वर चढवायचं नाही, नाहीतर फ्लँज एका बाजूने आधी फुगतो आणि गॅस्केट सैल पडते. ४८ तास वर ठेवला, तितक्याच सावकाश खाली आणला, रात्रपाळीला आम्ही तिघं आळीपाळीने थर्मोकपलचे आकडे लिहीत बसलेलो. थंड झाल्यावर गेजकडे बघितलं तर दाब जिथे जायला हवा होता त्याच्या पाचपट वर अडून बसलेला.

वाट बघितली. एक दिवस, दोन दिवस, हलेना.

गॅस अ‍ॅनालायझर लावला. हे यंत्र आत उरलेल्या गॅसचं वजनानुसार वर्गीकरण करून आलेख देतं, आणि मला अख्ख्या कामात हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो कारण आलेख खोटं बोलत नाही. बेक झालेल्या चांगल्या चेंबरमध्ये २ वर हायड्रोजनचा उंच सुळका आणि बाकी सगळं बारीक असतं. बोटांचा ठसा किंवा तेल राहिलं असेल तर ४१, ४३, ५५, ५७ असे सुळक्यांचे झुपके दिसतात. आमच्याकडे ते नव्हते, म्हणजे धुणं चांगलं झालं होतं. पण २८ वर मोठा सुळका. २८ म्हणजे कार्बन मोनॉक्साइडही असू शकतो आणि नायट्रोजनही, दोघांचं वजन सारखंच. ओळखायचं कसं, तर यंत्रात काही रेणू फुटून सुटे अणू होतात, म्हणून बाजूला १२ वर सुळका असेल तर कार्बन, १४ वर असेल तर नायट्रोजन. आमच्याकडे १४ वर. आणि ४० वर छोटासा पण अगदी स्पष्ट, म्हणजे आर्गॉन. नायट्रोजन आणि आर्गॉन एकत्र म्हणजे हवा. ३२ वर ऑक्सिजन जवळपास नव्हता, पण तो गरम फिलामेंटवर आणि धातूवर खपून जातो, त्यावर फसायचं नाही.

हवा येत होती म्हणजे लीक. परत हेलियम. वरून खाली, एकेक फ्लँज, एकेक वेल्ड, मग प्लास्टिकची पिशवी बांधून आत हेलियम भरून अर्धा-अर्धा तास थांबलो. काहीच नाही, डिटेक्टरचा काटा ढिम्म. काका येऊन बाजूला उभे, एकही शब्द बोलत नव्हते, पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की आपलं वेल्ड गेलं असं ते धरून चाललेत. तीन दिवस असे गेले.

चौथ्या दिवशी आमच्या निवृत्त झालेल्या सरांना फोन लावला, ज्यांनी मला हे सगळं शिकवलं. त्यांनी आलेखाचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आत स्क्रू किती आहेत?"

चार. ब्रॅकेट धरणारे चार एम-५ स्क्रू, आरपार नसलेल्या भोकात बसवलेले. अशा भोकात स्क्रू आवळला की तळाशी हवेचा थेंब अडकतो, म्हणून ड्रॉइंगवर स्पष्ट लिहिलेलं की स्क्रूच्या मधून आरपार बारीक भोक असलेलेच वापरायचे म्हणजे तळाची हवा पंपाला लगेच मिळते. आत गॅस सोडून चेंबर उघडला, टॉर्च मारून डोकी बघितली. दोन स्क्रूच्या अ‍ॅलनच्या खाचेत मधोमध काळा ठिपका, म्हणजे भोक. उरलेल्या दोघांच्या खाचेत काही नाही, नुसता चांदीचा मुलामा. एकाच ट्रेमध्ये दोन्ही प्रकारचे मिसळले होते आणि ट्रेवर लेबल एकच.

मी तिथेच बसून हिशोब केला. तळाशी समजा पन्नास घन मिलिमीटर हवा, म्हणजे दाब गुणिले आकारमान केलं तर ०.०५ मिलीबार-लिटर. आट्यांमधून ती सेकंदाला दहाचा उणे नववा घात मिलीबार-लिटर या वेगाने निसटत असेल तर संपायला पाच कोटी सेकंद, म्हणजे दीड वर्षाच्या वर. साबुदाण्याच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी अशी हवा दीड वर्ष पुरली असती! आणि आम्ही ती बाहेरून शोधत होतो.

काकांना बोलावून ते दोन स्क्रू हातावर ठेवले. "वेल्ड चांगलं आहे काका, हे आहेत." ते काही बोलले नाहीत, स्क्रू उलटसुलट करून बघितले आणि खिशातून रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. त्यानंतर आमच्याकडे प्रत्येक स्क्रूमधून आधी बारीक तार घालून बघतात, तार आरपार निघाली तरच तो चेंबरपाशी येतो. परत धुणं, परत जोडणी, परत बेकआउट, दहा दिवस अजून. यावेळी आलेखात २ वर एक सुळका आणि बाकी जमिनीलगत. तो प्रिंटआउट आजही माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

पुढच्या वर्षी मला डार्मश्टाटला जायला मिळालं, कागदपत्रं आणि तपासणीसाठी. बाहेरून झाडी, आणि झाडीच्या मध्ये प्रचंड बांधकाम. रिंगच्या बोगद्याचं काम जुलै २०१७ ला सुरू झालं, तो जमिनीखाली १७ मीटरपर्यंत आहे. अख्ख्या प्रकल्पासाठी वीस लाख घनमीटर माती हलवायची, सहा लाख घनमीटर काँक्रीट ओतायचं, आणि रेडिएशन अडवायला भिंती इतक्या जाड की त्यांच्याच वजनाने जमीन खचणार, म्हणून आधी तेराशेच्या वर पाइल, म्हणजे पायाचे खांब, ६० मीटरच्या आसपास खोल घातले. मला सिव्हिलमधलं फारसं कळत नाही, पण ज्या जमिनीवर लाखो टन ठेवायचेत तिच्यावर चुंबक मिलिमीटरच्या अंशात सरळ रेषेत बसवायचे आणि तसेच ठेवायचे म्हणजे काय, हे तिथे उभं राहिल्यावरच समजतं.

पण मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले ती चुंबकाच्या आतल्या चेंबरपाशी. सिस-१०० मध्ये बीम वळवणारे सुपरकंडक्टिंग (अतिथंडीत विनारोध वीज वाहणारे) चुंबक १०८, ताकद १.९ टेस्ला. आकडा ऐकून काही वाटत नाही, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या मोठ्या रिंगमध्ये आठच्या वर जातात. पण तिथे चढायला वीसेक मिनिटं मिळतात आणि इथे सेकंदाला ४ टेस्ला या वेगाने, म्हणजे अर्ध्या सेकंदात वर, आणि परत खाली, आणि परत वर. वेगाने बदलणारं क्षेत्र जवळच्या प्रत्येक धातूत भोवरा-प्रवाह तयार करतं आणि धातू तापतो, आणि हे सगळं ४.५ केल्विनच्या, म्हणजे उणे २६८ डिग्रीच्याही खालच्या, हेलियमवर चाललेलं, तिथे एकेक वॅट महाग. म्हणून केबलच वेगळी, रशियात दुबनाच्या न्यूक्लोट्रॉन मशीनमध्ये वापरलेल्या पद्धतीची, मध्ये तांबे-निकेलची बारीक नळी, तिच्यातून हेलियम वाहतो आणि बाहेरून सुपरकंडक्टिंग तारा गुंडाळलेल्या. आणि बीमच्या चेंबरची भिंत फक्त ०.३ मिलिमीटर. जाड केली तर तापेल, पातळ केली तर हवेच्या दाबाने चेपेल, मग बाहेरून बरगड्या जोडल्यात आणि थंड ठेवायला नळ्या लावल्यात. भिंत १५-२० केल्विनच्या खाली राहिली तर ती स्वतःच पंपाचं काम करते, गॅस येऊन चिकटतो तो सुटतच नाही. आमचा चेंबर याच्यासमोर रणगाडा आहे. ०.३ मिलिमीटरवर लीक न होता वेल्ड करणाऱ्या हातांबद्दल मला फार आदर वाटला, आणि काकांना दाखवायला फोटो काढायची परवानगी मागितली, ती नाही मिळाली, तर मी वहीत चित्र काढून आणलं.

अँटिप्रोटॉनचं काम पुढच्या टप्प्यात आहे. २९ गिगा इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे प्रोटॉन धातूच्या टार्गेटवर मारायचे आणि लाखभर प्रोटॉनमागे एखाद-दुसरा अँटिप्रोटॉन हाती लागणार, तोही वाट्टेल त्या दिशेने सुटलेला, त्यांना गोळा करून शिस्तीत आणायला वेगळी रिंग. एवढ्या कष्टाने मिळालेला अँटिप्रोटॉन हवेच्या अणूच्या केंद्रकाला भेटला की संपलाच, म्हणजे तिथेही शेवटी सगळं आपल्या व्हॅक्यूमपाशीच येऊन थांबतं. मध्ये बऱ्याच अडचणी आल्या. फेब्रुवारी २०२२ नंतर रशियासोबतचं सहकार्य थांबलं, तिकडून यायचे भाग दुसरीकडून उभे करावे लागले, वेळापत्रक हललं. पण २०२४ पासून बोगद्यात मशीनचे भाग उतरायला लागलेत.

निघायच्या आदल्या दिवशी गोदामात आमचा चेंबर बघायला मिळाला, तोच, स्क्रूवाला. पाठवताना आम्ही त्यात कोरडा नायट्रोजन भरून बंद केला होता. तिथल्या टेक्निशियनने हातमोजे घातले, एका टोकाचे बोल्ट एकेक करून सैल केले, बारीक फुस्स आवाज आला. त्याने टॉर्च आत मारली, डोकं खाली घालून दोन मिनिटं बघत राहिला, मग मला टॉर्च दिली. मी आधी चारही स्क्रूच्या डोक्यांवर मारली. चारही ठिपके काळे. त्याने नवीन गॅस्केट लावून फ्लँज बंद केला, कार्डावर तारीख आणि नंबर लिहिला आणि रॅकच्या दुसऱ्या ओळीत सरकवून ठेवला.